जेटीवरचा लीफी

डेन्झिल पॅस्कोला डेन्झिल म्हणून हाक मारणारं पोर्ट ट्रेवनमध्ये कोणी उरलं नव्हतं. सगळं गाव त्याला लीफी म्हणायचं. लीफी म्हणजे आमच्या जेटीखाली राहणारा, अंगाला पानं फुटल्यासारखा दिसणारा सी-ड्रॅगन मासा. डेन्झिलची बायको दोन लहान मुली मागे टाकून निघून गेली आणि हा गडी त्यांच्या वेण्या घालून, डबे भरून मग कामावर जायला लागला, तेव्हा बेकरीतल्या जॉयलीननं त्याला हे नाव ठेवलं. कारण लीफींमध्ये अंडी नराकडे असतात. मादी ती त्याच्या शेपटीखाली चिकटवते आणि आपल्या वाटेनं जाते. गावाला ठाऊक होतं ते एवढंच.

बोलायला गावाचं काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. नाव निभावताना झिजायचं ते ज्याचं त्यानं. मध्यंतरी पर्यटकांच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये उतरलेल्या एका बाईशी डेन्झिलचं जरा जमलं होतं. तर पबमध्ये लोक हसून म्हणाले, लीफी काही पोरींना सोडायचा नाही. त्या हसण्यात कौतुकच होतं, आणि कौतुकाशी भांडायचं कसं? ती बाई उन्हाळा संपल्यावर निघून गेली. डेन्झिल रात्रीचे पोरींचे शाळेचे पांढरे मोजे धूत राहिला.

त्याचं काम होड्यांच्या नांगरांच्या साखळ्या पाण्याखाली उतरून बघायचं, गंजलेल्या बदलायचं. दक्षिणेकडून येणाऱ्या त्या गार पाण्यानं त्याचे गुडघे आणि कान, दोन्ही खाल्ले. विसावा काय तो तिथंच, पाण्याखाली. काम झालं की तो जेटीच्या खांबाला धरून लीफीकडे बघत राहायचा. समुद्रगवत जिकडे झुलेल तिकडे लीफी झुलायचा. पोहताना तो दिसायचाच नाही, फक्त मघाच्या जागेवरून थोडा सरकलेला असायचा. नळीसारखं तोंड जवळ्याएवढ्या कोळंबीपुढे न्यायचा, की कोळंबी गायब. अंगात जोर म्हणाल तर नाहीच. हिवाळ्यातल्या वादळात गवत उपटून निघालं की त्याबरोबर एखाददुसरा वाळूवर येऊन पडायचा आणि वाळून जायचा.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यानं अंडी फुटताना पाहिली. शेपटीखालच्या गुलाबी अंड्यांतून एक पिल्लू सुटलं आणि गवतात शिरलं. डेन्झिलला वाटलं, आता बाप त्याच्यामागे जाईल. बापानं शेपटी जराशी झटकली, पुढे सरकला आणि कोळंबी खायला लागला. डेन्झिलनं हे गावात कोणाला सांगितलं नाही. वर जेटीच्या काठावर त्याच्या दोघी मुली पाय हलवत त्याची वाट बघत बसल्या होत्या.

पुढे दोघी मोठ्या होऊन गावाबाहेर गेल्या. त्यातली थोरली, टॅम्सिन, यंदा परत आली ती कडेवर आपल्या बाळाला, विनीला घेऊन. विनीच्या बापानं हात वर केले होते. टॅम्सिनला उत्तरेच्या खाणीत काम मिळत होतं, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, आणि विनीला ठेवायचं होतं डेन्झिलकडे. त्यानं अजून हो म्हटलं नव्हतं, पण जॉयलीननं बेकरीत जाहीरही करून टाकलं, की लीफीच्या शेपटीला पुन्हा अंडी लागली. सगळे हसले. डेन्झिलही हसला, पण चहा अर्धाच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात टॅम्सिन म्हणाली, "डॅड, मूल सांभाळायला तुला काय शिकवायचं? तू तर लीफी आहेस."

"लीफी काय करतो माहितीय तुला?" डेन्झिल म्हणाला. "अंडी फुटेपर्यंत वागवतो. पिल्लू सुटलं की संपलं. वळून बघत नाही तो. मी पाहिलंय."

टॅम्सिननं विचारलं, "मग तू का नाही गेलास?"

"तू बूट उलटे घालायचीस. जाणार कसा?" त्यानं विनीच्या पायातला सुटलेला मोजा वर ओढला. "पण आता मी दमलोय, पोरी. कडेवर घेईन, लाड करीन. सांभाळायला नाही ठेवणार."

"दमलोय असं तू कधी म्हणाला नाहीस."

"म्हणायला घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं ना."

टॅम्सिन रडली. त्यालाही फार वाईट वाटलं, पण नाही म्हटलेलं त्यानं मागे घेतलं नाही. तिनं खाणीचं काम सोडलं, कॅरॅव्हॅन पार्कच्या ऑफिसात लागली आणि बेकरीमागच्या खोलीत राहायला गेली. विनीला छातीशी बांधून ती गावभर फिरायची. गाव थोडे दिवस डेन्झिलवर फुरंगटून होतं.

एका दुपारी तो जेटीवर माकूळ धरायला गळाची दोरी सोडून बसला होता. मागून जॉयलीनची हाक आली, "ए लीफी, चहा ठेवलाय, ये."

त्यानं सवयीनं हात वर केला आणि वळला. जॉयलीन त्याच्याकडे नाही, त्याच्या पलीकडे जेटीच्या टोकाशी उभ्या टॅम्सिनकडे बघत होती. "आले," टॅम्सिन म्हणाली, आणि विनीला सावरत बेकरीकडे निघाली.

डेन्झिलचा हात तसाच राहिला. इतकी वर्षं नको झालेलं नाव गेलं म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. मग त्यानं दोरी गुंडाळली.

"जॉयलीन, माझाही कप भर," तो ओरडून म्हणाला. "डेन्झिलचा."