मोठ्या बाईंचं निरंक

चर्चच्या मागच्या छोट्या प्राथमिक शाळेत मोठ्या बाई मुख्याध्यापिका होत्या, असं निदान दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्या काय नव्हत्या तेच विचारावं. सकाळी कुलूप काढायचं त्यांनीच, प्रार्थना घ्यायची त्यांनीच, घंटा द्यायचीही त्यांनीच. चौथीची मुलं एका वर्गात मावेनात, म्हणून घंटा दिली की अर्धी चौथी घेऊन त्या व्हरांड्यात बसत, ते थेट शाळा सुटेपर्यंत. मध्येच नळ गळू लागला तर पदर खोचून पान्हा हातात.

घरी सासूबाई डबा उचलून वजन बघत. "आजही भरलेलाच का गं? प्रभूने पोट दिलंय ते काय शोभेला?"

"उद्या खाते हो," बाई हसत म्हणत, आणि तिथेच उभ्या उभ्या डबा संपवत.

दरवर्षी धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाकडून माहितीचा तक्ता येई. मुख्याध्यापिका आठवड्यात किती तास शिकवतात, असा त्यात एक रकाना असे. बाई तिथे सुबक अक्षरात लिहीत, 'निरंक'. त्यांच्या मनात पाप नव्हतं. शिकवणं ही प्रभूची सेवा, तिचे तास मांडून दाखवायचे म्हणजे मिरवणं, एवढंच त्यांना वाटे. असं अकरा वर्षं चाललं.

बाराव्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. मुख्याध्यापिकांकडे एकही तास नाही, तेव्हा दुसरीचा वर्ग यापुढे त्यांनीच घ्यावा. दुसरीच्या हंगामी शिक्षिकेचं काम महिनाअखेर थांबेल.

दुसरीला होत्या धाकट्या बाई. दोनच वर्षं झाली होती त्यांना. पण फाटकाशी आईचा पदर न सोडणारी मुलं आता शाळा सुटली तरी त्यांच्यामागून हलत नसत. पत्र वाचून त्या पुन्हा वह्या तपासू लागल्या. बोलल्या त्या तिसरीच्या बाई. त्यांच्या जिभेला मुळातच धार.

"नम्रता तुमची मोठ्या बाई, आणि घरी बसायची ही!"

बाईंच्या वर्मी लागलं. त्यांनी तडक मंडळाच्या फादरांना फोन लावला आणि कबुलीजबाबाला बसावं तसं सगळं सांगून टाकलं.

"बाई," फादर म्हणाले, "अकरा वर्षं एक लिहिलंत, आज दुसरंच सांगताय. कशावर विश्वास ठेवू? उद्या येऊन डोळ्यांनीच बघतो."

दुसऱ्या दिवशी फादर आले तेव्हा बाई व्हरांड्यात भागाकार शिकवत होत्या. "बसा फादर कचेरीत, एवढं उदाहरण संपवून आलेच." एक उदाहरण संपलं की मुलं दुसरं मागत. फादर बसले खरे, पण त्या खुर्चीत बसायची सोय कुठे होती! आधी फोन वाजला. मग पहिलीतली एक चिमुरडी नाक धरून आली. फादरांनी तिचं डोकं पुढे वाकवून रुमाल लावला, तर झग्यावरच लाल ठिपके. तेवढ्यात एक आजोबा नातीचा दाखला मागायला आले आणि पाठोपाठ फळ्याचं सामान घेऊन टेम्पोवाला. "सही कोण करणार? मोठे सर तुम्हीच ना?"

"बहुतेक," फादर म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

घंटा कधी द्यायची हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घड्याळ बघून त्यांनी अंदाजाने दोरी ओढली ती अर्धा तास आधीच. सगळी शाळा आरडाओरडा करत मैदानात! तिसरीच्या बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो मोठ्या बाई, ही कसली सुट्टी?"

बाई धावत आल्या तेव्हा फादर दारात उभे होते, घामाघूम.

"रोज असंच असतं?"

"आज जरा शांत आहे, फादर."

फादर इतके खदखदून हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग त्यांनी कोरा तक्ता पुढे सरकवला. "लिहा. खरं लिहा. ही माझी आज्ञा समजा." बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि तीस लिहिलं. लिहिताना कानांपर्यंत लाजल्या.

"दुसरीच्या बाई राहतील," फादर म्हणाले. "आणि व्हरांड्यातल्या मुलांना नव्या सत्रात बाई मिळवून देतो."

बाई दुसरीच्या वर्गाकडे निघाल्या. मैदानातून गोळा केलेली मुलं खाली बसली होती आणि धाकट्या बाई हातात मोज्याचा ससा घालून गोष्ट सांगत होत्या. मोठ्या बाईंना पाहताच त्या थांबल्या, सशाचा हात तसाच वर. तोंडावरचा रंग उडालेला.

सरळ त्यांच्याशी बोलायला गेलं तर आपल्यालाच रडू फुटेल, म्हणून मोठ्या बाई सशापुढे वाकल्या.

"काय रे सशा, तुझ्या बाईंना सांग, उद्या यायचंय. परवाही यायचंय. पुढच्या वर्षी तर यायचंच आहे!"

ससा मान हलवून बारीक आवाजात म्हणाला, "सांगतो!" आणि अख्खी दुसरी टाळ्या पिटत उभी राहिली.