गिरधरआबांचे सात थांबे

तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या जिपांमध्ये गिरधरआबांची जीप सगळ्यात आधी भरायची. गाडी जुनी, सीटचं रेक्झिन फाटलेलं, हॉर्न मनात आलं तर वाजणार. तरी डोंगरातली माणसं नव्या कोऱ्या गाड्या सोडून आबांच्याच गाडीत दाटीवाटीने बसायची. का, तर आबा देवाचा माणूस! चांदसैलीच्या घाटात शेंदूर लावलेले दगड आहेत. बाकीचे ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावून पुढे निघतात. आबा मात्र गाडी थांबवायचे, उतरायचे, अगरबत्ती पेटवायचे, हात जोडायचे आणि मग झाडोऱ्याआड जाऊन चांगली सात-आठ मिनिटं लावायचे. अख्ख्या घाटात असे सात थांबे.

आता खरं सांगायलाच हवं. त्या सातांतले दोनच देव जुने होते. उरलेल्या पाच दगडांना शेंदूर आबांनी स्वतःच्या हाताने लावला होता.

त्यामागे भक्ती नव्हती, लघवी होती. साठी ओलांडली तशी आबांची धार बारीक झाली. जोर करावा, वाट बघावी, दोन थेंब यावेत आणि गाडीत बसून चार वळणं घेतली की पुन्हा कळ. चौतीस वर्षं घाट एका बैठकीत चढवणारा माणूस! पहिल्यांदा मधेच गाडी थांबवली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "आबा, काय व्हयनं?" आणि शरमेपोटी आबांच्या तोंडून निघून गेलं, "नवस शे मन्हा."

तो नवस दोन वर्षं चालला. कात्री गावाच्या बाजूच्या पाड्यावरची कालीबाई दर बुधवारी त्यांच्या हातात नारळ ठेवायची. "आबाच्या गाडीला घाटात काही होत नाही," असं ती साऱ्या पाड्याला सांगून आली होती. आबा नारळ घ्यायचे आणि मान खाली घालायचे. देवाची माफी रोज मागायचे, पण खरं बोलायची छाती होत नव्हती. त्यात एक मोठा शहाणपणा केला, पाणीच तोडलं. सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत कोरडे.

घरी रंजनाबाईंना नवस-बिवस काही पटलेला नव्हता. "माले आंधयी समजी ऱ्हायनात का?" त्या म्हणायच्या. "रातले पाच-पाच डाव उठतस. दवाखानामा चला."

"तठे पोट फाडतीन," आबा म्हणायचे. "मंग गाडी कोन चालाडी?"

हीच खरी भीती होती. स्टिअरिंग सुटलं तर गिरधर नावाच्या माणसात उरतंच काय, असं त्यांना वाटायचं.

आणि एका बुधवारी पाचव्या थांब्यावर काहीच झालं नाही. थेंबसुद्धा नाही. सहाव्यावरही नाही. ओटीपोट दगडासारखं टणक झालं, घामाने सदरा भिजला. दात-ओठ आवळून आबांनी गाडी धडगावात आणली, उतारू उतरवले आणि तिथेच फुटबोर्डवर बसकण मारली. सरकारी दवाखान्यात नळी घातली तेव्हा पिशवी भरून वाहिली. त्या क्षणी आबांना जो आराम पडला, तसा जन्मात पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रंजनाबाईंनी त्यांना नळीसकट नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत खुर्चीवर डॉक्टर म्हणून बाई! आबा उलट्या पावली निघाले. रंजनाबाईंनी मनगट धरून खाली बसवलं.

डॉक्टर हेमांगीबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि सरळ सांगितलं, "प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, तिने वाट अडवली आहे. अजून थोडे महिने काढले असते तर किडन्या गेल्या असत्या. आणि पाणी कुणी बंद करायला सांगितलं तुम्हाला?"

आबा हळूच म्हणाले, "पोट फाडशात?"

"चिरा नाही, टाका नाही. लघवीच्याच वाटेने दुर्बीण आत जाईल आणि वाढलेला भाग आतल्या आत खरवडून काढू. कमरेखालचं बधिर करू. तुम्ही जागेच असाल, पडद्यावर बघा हवं तर."

आबांनी बघितलं. टेबलावर पडल्या पडल्या त्यांना पडद्यावर स्वतःच्या आतला बोगदा दिसला, दोन्ही बाजूंनी दरड कोसळल्यासारखा बुजलेला. बाई त्यातून सावकाश, एकेक तुकडा काढत पुढे सरकत होत्या. कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. आबा मनात म्हणाले, बाईना हात ड्रायव्हरना शे. तिथे त्यांची शरम निम्मी संपली.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. आबा संडासात भिंतीला हात टेकून उभे राहिले, डोळे मिटले, आणि धार लागली! विशीतल्या पोरासारखी, खणखणीत, न थांबता. आबा आतूनच ओरडले, "रंजना, आयकी ऱ्हायनी का?" वॉर्डभर हशा पिकला. रंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्या हसत नव्हत्या, रडत होत्या.

काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट चांगला आला, कॅन्सर नव्हता. सहा आठवडे खाचखळग्यांत गाडी चालवायची नाही, भरपूर पाणी प्यायचं, असं बाईंनी बजावलं. रंजनाबाईंनी चावी धान्याच्या कणगीत टाकून दिली, म्हणजे प्रश्नच मिटला.

सातव्या आठवड्यात, बुधवारीच, आबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले. गाडी नेहमीसारखी पहिली भरली. घाट लागला. पहिला जुना देव आला, कपाळाला हात लावला, पुढे. दुसऱ्या जुन्यालाही लावला, पुढे. तिसऱ्या दगडाचं वळण तसंच मागे पडलं आणि मागून कालीबाई घाबरून ओरडली, "आबा, देव राहिला!"

थांबणं सोपं होतं. अगरबत्ती डॅशबोर्डवर होतीच. खरं सांगितलं तर उद्यापासून गाडीत कोण बसणार? पण खोटं बोलून स्टिअरिंग धरायची आता आबांना इच्छा नव्हती.

"तठे देव नही, माय," आबा समोर बघत मोठ्यांदा म्हणाले. "पाच दगड मीच रंगाडेल शेतस. माले लघवीनी अडचन व्हती, म्हनीसन मी उतरत व्हतू. देवनं नाव लईसन खोटं बोलनू. आते दुर्बिन टाकीसन आपरेशन व्हयनं, पोट बी नही फाडं. मी बरा व्हई गऊ."

ते ऐकून कालीबाई अशी हसली, अशी हसली, की तिच्या मांडीवरची कोंबडी फडफडून खाली पडली. "दोन वर्षं नारळ खाल्लेस रे बाबा!" सगळी गाडी हसली. आबांनी गिअर टाकला आणि उरलेला घाट न थांबता, एका बैठकीत, दणक्यात चढवला.

धडगावला गाडी रिकामी झाली. कालीबाई कोंबडी काखेत मारून उतरली, बायका उतरल्या, पोरं उतरली. तीन म्हातारे मात्र बसूनच राहिले. पुढच्या सीटवरचे चैत्याबाबा टोपी हातात फिरवत खाली बघत होते, मागचे दोघे बाहेर.

आबांनी इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली चैत्याबाबांच्या हातात दिली आणि विचारलं, "कव्हयपासून व्हई ऱ्हायनं?"