माळावरच्या दोन चुली

आमच्या घरी पाहुणे फार वेळ बसले की मला गोष्ट सांगायला लावतात. पाहुणे उठतात. पण ही गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण तिच्यात फारसं काही घडत नाही, आणि जे घडतं ते माझ्या बायकोच्या बाबतीत घडतं. मी आपला चुलीपाशी बसलेला असतो.

सत्तावीस-अठ्ठावीस सालातली गोष्ट. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटल्यावर मला एका छोट्या संस्थानात कारकुनाची नोकरी लागली. हे संस्थान एका जागी नव्हतं. पूर्वजांनी जसं जमेल तसं मिळवलेलं, त्यामुळे नकाशावर ते सांडलेल्या डाळीसारखं दिसे. त्यातला एक दाणा सोलापूरच्या दक्षिणेला, चहूबाजूंनी इंग्रजी मुलखात पडला होता. तीसेक घरांचं गाव आणि गावाच्या डोक्यावर एक उजाड माळ. आजूबाजूचे लोक त्याला बेट म्हणत. बेटावर आमच्या राजेसाहेबांचा शिक्का, आमचा पाटील, आमचा कायदा. बेटाबाहेर पाऊल टाकलं की साहेबाचं राज्य.

हे बेट कुणाचं, यावरून दोघांचं जुनं भांडण. साहेबाच्या कचेरीचं म्हणणं असं, की गाव पूर्वी कुणाला तरी हयातीपुरतं दिलं होतं, तो मेला आणि गाव परत द्यायचं राहून गेलं. आमच्या दरबारचं म्हणणं, राहून गेलं ते गेलं. गावात माणसं नांदत होती, तिथं एकदम हात घालता येईना, म्हणून साहेबानं माळापासून सुरुवात केली. माळावर कुणी राहत नाही, तेव्हा तो आमचा. आज माळ, उद्या गाव, हे दरबारला कळत होतं. संस्थानच्या कारभाऱ्यांनी तोड काढली ती अशी, की माळावर दरबारचा माणूस बायकोसह राहील, संसार करील, चूल पेटवील. रोज धूर दिसला की वहिवाट सिद्ध.

बाकीच्या सगळ्या कारकुनांना तो माळ ठाऊक होता. मला नव्हता. म्हणून मला नेमलं.

माळावर एक दगडी खोली होती, पुढे ओटा आणि ओट्यावर झेंड्याची काठी. आसपास झाड नव्हतं. त्या सगळ्या मुलखात उंच म्हणाल तर आधी झेंडा, मग मी. माझ्याबरोबर एक शिपाई मिळणार होता. तो मिळणार होता असं मी पुढं बरेच दिवस म्हणत राहिलो.

बायको सोलापूरची, गिरणीच्या भोंग्यावर उठायची सवय असलेली. तिच्या माहेरच्या शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. दिवसभर मागांची खटखट, बायकांची हाकाहाक, आणि हिला त्यांची भाषा निम्मी येत होती. माळावर आल्यावर पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "इथं कानात काहीच पडत नाही हो." मी म्हटलं, "मी बोलतो की." ती म्हणाली, "तेच म्हणतेय." पुढं पुढं ती भांडी घासताना तेलुगूत बोलू लागली. मी विचारलं, कुणाशी बोलतेस? म्हणाली, कढईशी. तिला तेवढं कळतं.

चुन्यानं रंगवलेल्या दगडांची एक रांग होती, तिच्यापलीकडे साहेबाच्या कचेरीनंही आपला माणूस बसवला. मोठ्या राज्याचं सगळंच मोठं. तंबू, खाट, पाण्याचं पिंप आणि ते ओढायला दोन बैलांचा छकडा. आमच्याकडे घागर होती. तो माणूस सांगोल्याकडचा, पन्नाशीचा, कचेरीतला साधा शिपाई. मी त्याला हवालदार म्हणायचो, तो मला रावसाहेब म्हणायचा. दोघांनाही एकमेकाची पायरी ठाऊक होती, त्यामुळे चढवून म्हणायला काही जात नव्हतं.

एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही, असा दोन्हीकडून हुकूम. म्हणून आम्ही दगडांच्या अलीकडे पलीकडे उभे राहून बोलायचो.

"रावसाहेब, आज धूर लई उशिरा निघाला."

"गोवऱ्या दमट होत्या, हवालदार."

"मला वर सांगावं लागतंय की, अमक्या दिशी चूल दिसली न्हाय म्हनून. जरा बिगीबिगी पेटवत जावा."

शत्रूनं इतकी काळजी घेतल्यावर माणूस लढणार कसा?

वर्ष सरत आलं आणि बायकोला दिवस गेले. ही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती, तरी ती दरबारला कळली. सातवा सरत असताना कारभारी स्वतः तट्टावर बसून माळावर आले. आमच्या एकुलत्या एक बाजेवर टेकले, घाम पुसला आणि म्हणाले, "ऐकलं. फार उत्तम. दरबार खूश आहे."

दरबारचा यात काही हात नाही असं माझ्या ओठावर आलं होतं. मी "आपली कृपा" म्हटलं.

"आता बाळंतपण इथंच करायचं," कारभारी म्हणाले. "धुराचं काय हो, धूर कुणीही काढतो. पण या मातीत मूल जन्मलं, आपल्या दप्तरात नोंद झाली, की साहेब काय बोलणार? असा पुरावा पैसे टाकून मिळत नाही."

"पहिलं बाळंतपण आहे. माहेरी जायचं म्हणतेय ती."

"दरबारची सुईण पाठवू. वाजतगाजत पाठवू." मग उठता उठता म्हणाले, "सूनबाईंना सांगा, हे घरचं काम नाही. राज्याचं आहे."

सूनबाई दाराआड होत्या. सांगायची गरज पडली नाही.

तिला एक थोरली बहीण होती. तिच्या सासूनं तिला पहिल्या खेपेला माहेरी पाठवलं नव्हतं, घरात सुईण आहे म्हणाली होती. ती बहीण परत आली नाही. हे लग्नाआधीपासून मला ठाऊक होतं, कारण सासूबाईंनी माझ्याकडून एकच गोष्ट मागून घेतली होती. हुंड्या-मानपानाचं राहू द्या, पण पोरीला बाळंतपणाला पाठवा. मी हो म्हटलं होतं. तेव्हा मी कुठल्या राज्याचा पुरावा नव्हतो.

कारभारी उतरणीला लागले तेव्हा ती बाहेर आली. रडलीबिडली नाही. "तुमच्या गावातली गाडी मिळेल का?" एवढंच विचारलं. मी गावात जाऊन आलो. गाडी कुणी देईना. पाटील म्हणाला, "कारभारी आत्ताच बजावून गेलेत. आमचं घर हितंच हाय, रावसाहेब." त्याचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो. बघतो तर बायको एक हात कमरेला देऊन, सावकाश, दगडांची रांग ओलांडून चालली आहे. दोन राज्यांनी आखलेली ती सरहद्द तिनं अशी ओलांडली, जशी बाई शेजारणीकडे विरजण मागायला जाते. मी तोंडात राखुंडी घेऊन मागं धावलो आणि दगडापाशी थांबलो. मला हुकूम होता.

"हवालदार," ती म्हणाली, "तुमचा छकडा सोलापूरला जाईल का?"

हवालदार उठून उभा राहिला. "कुनासाठी, ताई?"

"माझ्यासाठी. आईकडं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात राखुंडी. "तुमच्या दरबारानं जावा म्हटलंय का?"

"आईकडं जायला दरबार कशाला लागतो?"

"न्हाय, मी आपलं इचारलं." तो डोकं खाजवत राहिला. "तुमी गेला, म्हंजे तुमचा संसार निम्मा उठला. हे मला वर सांगावं लागंल. आमचं सायेब तर पेढं वाटतील."

"वाटू द्यात. तुम्ही सांगा वर. पण आधी पोचवा."

"पोचवतो की," तो म्हणाला. "माझ्याबी दोन लेकी हायत."

गावातली एक म्हातारी सोबतीला तयार झाली. तिची लेक सोलापुरात गिरणीत होती आणि फुकट छकडा रोज मिळत नाही. मी पण पिशवी भरायला लागलो. बायकोनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही आलात तर चूल सगळीच विझेल. नोकरी जाईल. मग मूल घेऊन मी यायचं कुठं?"

"मी इथं एकटा काय करू?"

"मी काय करत होते?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

हवालदारानं छकड्यात कडबा पसरला, त्यावर आपली घोंगडी टाकली, आणि ते निघाले. माळ उघडा, त्यामुळे छकडा दिसेनासा व्हायला फार वेळ लागतो. झाडी असती तर बरं झालं असतं. मी झेंड्याच्या काठीला धरून उभा होतो. लांबून कुणाला दरबारचा प्रतिनिधी ताठ उभा आहे असं वाटलं असेल.

मग मी आत आलो आणि चूल पेटवली. भाकरी थापली. ती आमच्या संस्थानासारखी झाली, पाच ठिकाणी पडलेली. खाऊन बाहेर आलो आणि समोर पाहिलं, तर तंबूपुढची चूल थंड.

आता खरं म्हणजे दरबारच्या इमानी नोकरानं काय करायला हवं होतं? शत्रू जागा सोडून गेलेला, माळावर मी एकटा. दगड शंभर पावलं पुढं सरकवायचे, तंबूवर आपला झेंडा लावायचा, आणि कारभाऱ्यांकडे निरोप धाडायचा. बक्षीससुद्धा मिळालं असतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. सायंकाळी त्यांचा कुणी वरचा माणूस खालच्या रस्त्यानं गेला, त्याला तंबूचा धूर दिसला नाही, तर हवालदाराची नोकरी जाईल. आणि त्या वेळी माझी बायको त्याच्याच छकड्यात असेल.

मी तुराट्यांची मोळी उचलली, दगड ओलांडले आणि साहेबाची चूल पेटवली.

त्यानंतर हवालदार परत येईपर्यंत दोन्ही राज्यं मीच चालवली. सकाळी आधी आमची चूल, मग त्यांची. त्यांची लवकर पेटायची, जागा वाऱ्याच्या आडोशाला होती. मी दोन्हीकडे थोडं थोडं शिजवायचो, कारण नुसता जाळ करणं जिवावर यायचं. तिकडे बसून खाताना इकडची खोली दिसायची. दार उघडं, आत कुणी नाही. पलीकडच्या माणसाला आपलं घर असं दिसत असेल, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर बोलायला कुणी नाही. एकदा कढईशी बोलून पाहिलं. मला तेलुगू येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी छकडा आला. बैल सोडायच्या आधीच हवालदार म्हणाला, "पोचवली."

"बरी होती?"

"बरी की. तुमच्या सासूबायनी दारातच भाकरतुकडा उतरवला. मी मागं हुबा हुतो, मलाबी उतरवला."

"काही म्हणाली?"

"कोन, सासूबाय?"

"नाही. ही."

त्यानं आठवून पाहिलं. "शीव वलांडली तवा रडली जराशी. मंग म्हातारीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. बोलत हुती ती म्हातारीच, पार सोलापूर येस्तवर." मग त्याचं तंबूकडं लक्ष गेलं. "ही चूल कुनी पेटवली?"

"मी. म्हटलं तुमच्यावर ठपका नको."

"ठपका कसला? मी वर सांगूनच गेल्तो की, बैल दुखावलाय, दवाखान्यात न्हेतो म्हनून."

"म्हणजे पेटवायची गरज नव्हती?"

"न्हवती." तो बैलांच्या माना चोळत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "पन माळ चढताना लांबनं दिसली तवा बरं वाटलं."

कारभाऱ्यांनी माझी खरडपट्टी काढायची तेवढी काढली. "एका बाळंतपणात गाव घालवलंत," म्हणाले. गाव काही गेलं नाही. त्याचा निकाल मी तिथं असेपर्यंत लागला नाही, आणि आता तर संस्थानही नाही, साहेबही नाही. मला मात्र त्यांनी माळावरच ठेवलं, शिक्षा म्हणून. पुढं हवालदाराची मोडनिंबाकडं बदली झाली. तंबू राहिला, नवा माणूस यायचा होता. मी त्याची वाट अशी पाहत होतो, जशी कुणी पाहुण्याची पाहतो.

अशात एका टळटळीत दुपारी खालच्या रस्त्यानं सोलापूरच्या बाजाराहून परतणारी भुईमुगाची गाडी चालली होती. गाडीवानानं खालूनच हाक दिली, "माळावरचं कारकून तुमीच का? सासऱ्यानं सांगितलंय, मुलगी झाली. दोगीबी खुशाल हायत."

मी उतरून जाईपर्यंत त्यानं बैल हाकले होते. अंधाराच्या आत घर गाठायचं असणार. मी रस्त्यात उभा राहिलो. दोघी खुशाल. मला एकदम कुणाला तरी सांगावंसं वाटलं. माळाकडे पाहिलं, इकडे खोली, तिकडे तंबू, दोन्हीकडे कुणी नाही.

तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं एक धनगर मेंढरं घेऊन वर आला. म्हातारा होता, डोक्याला घोंगडं. मी त्याला आडवा गेलो.

"मुलगी झाली," मी म्हटलं.

तो थांबला. "कुनाला?"

"मला."

त्यानं मला खालून वर पाहिलं, मग मागं रिकाम्या माळाकडं पाहिलं. "कुटं?"

"सोलापूरला."

"मंग तुमी हितं काय करताय?" म्हातारा म्हणाला, आणि उत्तराला न थांबता मेंढरं हाकत पुढं गेला.