देव न मानणारा देवदान

माझ्या धाकट्या बहिणीला, सगुणेला, लोणावळ्याचे स्थळ आले आणि थोड्याच दिवसांत कळले, की मुलगा देव मानत नाही. एरवी स्थळ नाकारण्यासारखे नव्हते. घराणे आमच्यासारखेच आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, मुलगा वळवणच्या धरणावर ओव्हरसियर, उंच, निर्व्यसनी. नाव देवदान. देवाने दिलेला हा मुलगा देवच नाही म्हणतो, ही बातमी नगरच्या आमच्या मंडळीत (म्हणजे देवळाच्या सभासदांत) लग्नाच्या बातमीआधी पोचली. आई रडली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, मात्र हुरूपात आले. खराखुरा नास्तिक त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"मास्तर, तुम्हीच जा," ते मला म्हणाले. "वाद घालू नका. चालता-बोलता साक्ष द्या. डोंगर दिसला की डोंगर करणाऱ्याविषयी बोला. ताट आलं की अन्न देणाऱ्याविषयी. आणि एक ध्यानात ठेवा, नास्तिकाच्या पोटात एखादं जुनं दुःख असतं. तेवढं शोधून काढा, पुढचं सोपं आहे."

मी मिशनच्या शाळेत मराठी शिकवतो. दुसऱ्याने सांगितलेले पाठ करायची मला सवय आहे. रजा काढली आणि निघालो.

नगरहून दौंड, दौंडला गाडी बदलून पुणे, पुण्याला पुन्हा बदलून पुढे. तळेगाव मागे पडले तशी हवा ओली झाली आणि दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरे (बांध घालून पाणी अडवलेली शेते) लागली. समोर पुण्याचे एक वकील वर्तमानपत्र वाचत बसले होते. सरावाला काय हरकत आहे, म्हणून मी खिडकीबाहेर हात करून म्हटले, "केवढी ही सृष्टीची शोभा! ही कोणी बरं निर्माण केली असेल?"

"खिडकी लावा," वकील म्हणाले. "पाणी आत येतंय."

लोणावळ्याच्या फलाटावर देवदानराव दोन छत्र्या घेऊन उभे होते. "सलाम, मास्तर," म्हणत त्यांनी माझी ट्रंक उचलली. मी मनात धरलेला नास्तिक कपाळाला आठ्या घातलेला, कडवट असा होता. हा तर वाटेत भेटेल त्याची विचारपूस करीत चालला होता. मला जरा फसवल्यासारखे वाटले.

त्यांच्याबरोबर त्यांची आई राहते, बाई फार भाविक. जेवणाआधी त्यांनी इतकी लांब प्रार्थना केली, की भातावरची वाफ गेली. देवदानराव तेवढा वेळ शांत बसून होते. हीच वेळ, असे पाहून मी पहिला घास हातात धरून म्हटले, "काय सुगंध आहे या आंबेमोहराला! अन्नदात्याचे उपकार किती मानावेत!"

"मानायलाच हवेत," देवदानराव म्हणाले. "भाजे गावच्या आबांच्या शेतातला आहे. उद्या तिकडेच जाऊ या, म्हणजे समक्ष मानता येतील."

राहिले दुःख. देवदानराव घराबाहेर गेल्याचे पाहून मी त्यांच्या आईंना हळूच विचारले, "लहानपणी यांना काही आघात झाला होता का?"

आईंनी बराच विचार केला. "एकदा आंब्यावरून पडला होता," त्या म्हणाल्या. "पण डोक्यावर नाही हो, हातावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने मळवलीला उतरलो आणि भाज्याची वाट धरली. लोहगड अन् विसापूर ढगांत अर्धे बुडाले होते, कड्यांवरून पाण्याच्या धारा लोंबत होत्या. पाळकसाहेबांनी सांगितलेला डोंगर तो हाच, अशी माझी खात्री झाली.

"देवदानराव, हे कोणी केलं?"

"ज्वालामुखीने. थरावर थर बसलेत, ते बघा."

भाज्याच्या बौद्ध लेण्यांपर्यंत चढताना मला धाप लागली. आतल्या त्या थंड दालनात उभे राहून मी दम घेतला आणि म्हटले, "निदान एवढं तरी कबूल करा. श्रद्धेवाचून असा दगड कोरता येत नाही."

"ज्या भिक्षूंनी कोरवून घेतला, त्यांचं सृष्टी करणाऱ्या देवावाचून अडत नव्हतं म्हणतात," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईने पुढे म्हणाले, "पण काम सुंदर आहे, यावर आपलं एकमत होईल."

आबांच्या ओसरीवर गूळ घातलेला कोरा चहा मिळाला. आबा सत्तरीचे, मिश्कील. मी कशासाठी आलो आहे ते देवदानरावांनीच त्यांना सांगून टाकले. आबांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिले.

"तुमी किरिस्ताव न् ह्ये बी किरिस्ताव. मंग तुमी मानता न् ह्ये मानत न्हाईत, आसं कसं?"

"तेच विचारायला ते आलेत, आबा."

"आमच्यात बी हाय की येक," आबा म्हणाले. "देव न्हाई म्हंतो, पर जत्रंत परसादाला पयला. ह्ये पाव्हणं तसं न्हाईत. गेल्या साली परसाद दिला, तर म्हनलं, मानत न्हाई ते घेऊ कशाला? लय वंगाळ वाटलं मला. पर खोटं न्हाई बोललं."

निघताना बांधावरून चालत असता मी सृष्टीकर्त्याचा विषय पुन्हा काढायला मागे वळलो आणि सरळ खाचरात गेलो. पाय मुरगळला. माझ्या तोंडून जो शब्द निघाला, तो ज्यांसाठी मी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर उभे करतो त्यांतला होता. त्याच क्षणी वरून देवदानराव ओरडले, "अरे देवा!"

चिखलात बसल्या बसल्या माझा चेहरा उजळला. "काय म्हणालात?"

"केवलप्रयोगी अव्यय, मास्तर," मला बाहेर ओढत ते म्हणाले. "तुम्हीच शिकवता ना? त्यात श्रद्धा शोधू नका."

आबांच्या घरी आंबेहळदीचा लेप झाला आणि त्यांच्याच बैलगाडीतून मला मळवली स्टेशनावर पोचवण्यात आले. पुढचे दोन दिवस लोणावळ्याच्या ओसरीवर पाय उशीवर ठेवून मी पाऊस बघत राहिलो. डोंगर ढगात होते, ताटावरचे बोलून झाले होते, दुःख सापडत नव्हते. माझ्याकडचे सगळे संपले.

तेव्हा देवदानराव शेजारी येऊन बसले. "तुम्ही माझं दुःख शोधताय, हे आईने सांगितलं," ते म्हणाले. "तसं काही नाही हो. एकदा प्रार्थनेला बसलो आणि वाटलं, आपण एकटेच बोलतोय. मग थांबलो. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण देवळात उभा राहून, देवाला साक्ष ठेवून वचन देतो, असं मी म्हणणार नाही. सगुणाबाईंना दिलेल्या वचनाचं पहिलंच वाक्य खोटं कसं चालेल?"

त्यांनी माझ्या पायाखालची उशी सारखी केली.

"आता तुम्ही सांगा. पाळकसाहेबांचं नको. तुम्ही स्वतः का मानता?"

मला हे कोणी कधी विचारले नव्हते. मी अडखळत सांगितले, की वडील गेले त्या आठवड्यात शाळेत रोजची प्रार्थना सांगायला उभा राहिलो आणि पाठ असलेली प्रार्थना पुढे येईना. मुलांनी माझ्यावाचून ती पुरी केली. तेवढ्या वेळात मला धरून कोणीतरी उभे आहे असे वाटले. याचा पुरावा काही नाही.

देवदानराव माझ्याकडे वळले. "हे भाज्याला का नाही सांगितलंत?"

"पाळकसाहेबांनी सांगितलेल्यात ते नव्हतं," मी म्हणालो.

नगरला लंगडत परतलो. आई, पाळकसाहेब आणि आणखी चार वडीलधारी बैठकीत वाटच पाहत होती. मी घडले ते सांगितले. सगळ्यांची तोंडे उतरली. फक्त सगुणा चहाचे पेले शांतपणे पुढे करीत होती.

"तुला काहीच वाटत नाही?" मी विचारले.

"मला माहीत होतं, दादा. तू शाळेत होतास त्या दिवशी ते बघायला आले, तेव्हाच त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मी मानते, दर रविवारी देवळात जाणार. ते म्हणाले, छत्री धरून पोचवीन."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? तुम्ही सगळे त्यांचा आत्मा तारायच्या गडबडीत होतात."

पाळकसाहेबांनी मंडळीत लग्न लावायला नकार दिला. लग्न पुण्याला रजिस्ट्रारसमोर झाले, जेवण नगरला आमच्या अंगणात. मंडळीने बहिष्कार टाकला तो लग्नावर, जेवणावर नाही. पाळकसाहेबांनी तीनदा भात घेतला आणि नवरदेवाला जवळ बसवून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. देवाचा विषय त्या दिवशी कोणीच काढला नाही.

स्टेशनावर निरोप देताना आई सगुणेच्या गळ्यात पडली. "त्याला देवाकडे आणशील ना गं?"

"आणीन, आई," सगुणा म्हणाली. "आधी मला त्यांच्याकडे तर जाऊ दे."

गाडी सुटली. परतीच्या वाटेवर पाळकसाहेबांनी मला विचारले, एवढ्या प्रवासाचे फळ काय? एका माणसाने मला खरे विचारले, मी त्याला खरे सांगितले आणि आम्ही दोघांनीही ते ऐकून घेतले, एवढेच घडले होते. एवढ्यासाठी लोणावळ्यापर्यंत जावे लागले, याचे मात्र मला अजून नवल वाटते.