तिसऱ्या दिव्याचा माग काढणारे देवरे सर

देवरे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका चुकीच्या निमित्तानं, आणि ती चूक माझी नव्हती हे आधीच सांगून टाकते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. तिथं मी मुलाखतीला गेले होते, नांदगावहून पहाटेची एसटी धरून, गुणपत्रिकांची फाइल छातीशी घट्ट धरून. समोर बसलेल्या गृहस्थांनी ती फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. एक प्रोग्राम तयार होता होता अडकला होता आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी संदेश उमटला होता.

"मोठ्यानं वाचा," ते म्हणाले.

मी वाचायला लागले, आणि निम्म्यावर थांबून हुशारीनं उपाय सांगू लागले.

"ओळ संपली का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग तुम्ही का थांबलात?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उपाय ओळीच्या शेवटच्या तीन शब्दांत लिहिलेला होता. मला वाटलं, आपली नोकरी गेली. सर मात्र म्हणाले, "दुसऱ्यांदा न रागावता वाचलंत. सोमवारपासून या."

सरांच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांमध्ये संगणकाशी फक्त वीजबिल भरण्यापुरता संबंध असलेलीही मंडळी असतील, म्हणून थोडं सांगते. आम्ही जे लिहितो ते माणसाला वाचता येतं, यंत्राला नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याची यंत्राला चालवता येईल अशी फाइल तयार करतो आणि सांगितलेल्या जागी लिहून ठेवतो. याला आम्ही बिल्ड करणं म्हणतो. हे बिल्ड अडलं की बहुतेक माणसं संदेश न वाचताच कीबोर्डशी झटापट सुरू करतात. सरांच्या खोलीत ते चालत नाही. ज्याचं बिल्ड अडलं त्यानं उभं राहायचं आणि आलेला संदेश सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. तोवर कीबोर्डला हात लावायचा नाही. नव्यानं आलेल्यांना ही शाळेतली शिक्षा वाटते. मलाही वाटली होती. पण आठवडाभरात सरांचंच बिल्ड अडलं, आणि आमचे हे ज्येष्ठ गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात स्वतःची चूक वाचू लागले. त्यानंतर मला कधी लाज वाटली नाही.

सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी त्यांचं बोलणं वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं असतं, पण काही अडलं की गावची अहिराणी वर येते. "काय शे ते वाच ना आधी!" असं ऐकू आलं की आम्ही समजतो, प्रकरण गंभीर आहे. आणि "बंद करून चालू करा" हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारण्याची कुणाची छाती नाही. त्यांचं म्हणणं असं, की बंद करून चालू केल्यानं दुखणं जात नाही, फक्त आपल्या नजरेआड होतं. वहिनी सांगतात, घरचा मिक्सर अडला तरी तो का अडला हे समजल्याखेरीज पुन्हा बटण दाबायची परवानगी नसते. त्यापायी पाहुण्यांना चटणीशिवाय इडली खावी लागलेली आहे. त्या पाहुण्यांत मीही होते.

हा हट्टीपणा ऐकायला गमतीचा वाटतो. माझी नोकरी मात्र त्याच्यामुळं वाचली.

माझा उमेदवारीचा काळ संपत आला होता. द्राक्षांचा हंगाम जोरात होता. दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसमध्ये आमचा प्रोग्राम चालत होता. तिथं चार टेबलांवर बाया द्राक्षांच्या पेट्या भरायच्या, वजन व्हायचं आणि पेटीवर लेबल लागायचं. लेबलावर बागेचा नंबर असतो. परदेशात एखादी पेटी नापास झाली तर त्या नंबरच्या बागेचा सगळा माल अडचणीत येतो, त्यामुळं हा नंबर चुकून चालत नाही. आणि तो चुकत होता. एका बागेचा माल संपून दुसरीचा सुरू झाला की पहिल्या काही पेट्यांवर आधीचाच नंबर छापला जायचा. मी दोष शोधला, दुरुस्त केला, माझ्या लॅपटॉपवर तपासला. आता नवा प्रोग्राम पॅकहाउसच्या नेटवर्क ड्राइव्हवर बिल्ड केला की काम संपणार होतं. त्या एकाच सामायिक ड्राइव्हवरून, म्हणजे तारांनी जोडलेल्या एका डब्यातून, चारही टेबलांचे संगणक तो चालवत असत.

बिल्ड होईना. "आउटपुट फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही," अशा अर्थाचा संदेश येत राहिला. चालू प्रोग्रामच्या फाइलवर नवी फाइल लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून चारही टेबलं बंद करायला लावली. पुन्हा तेच. लॅपटॉपवर बिल्ड करून फाइल तिकडं कॉपी करायला गेले, तरी तेच. बाया हात बांधून बसलेल्या, भरायच्या पेट्यांची थप्पी तशीच, आणि संध्याकाळी कंटेनर येणार होता. पॅकहाउसचे मालक बाळासाहेब आधी दोनदा चहा विचारून गेले. तिसऱ्यांदा आले ते चहा विचारायला नव्हे.

"मॅडम, सकाळपासनं टेबलं बंद हायेत. लय झालं आता," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोरच आमच्या ऑफिसला फोन लावला. "दुसरा माणूस पाठवा. यांना नाय जमायचं."

मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आमचे संचालक म्हणाले, "देवरे निघालेत. तुम्ही संध्याकाळी ऑफिसला या, बोलू आपण." त्या 'बोलू'चा अर्थ मला कळत होता. नांदगावच्या बाजारपेठेत वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि मुलगी नाशिकला कंपनीत आहे हे त्यांनी कापड टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. पंचवटीतली खोली सोडून, सामान बांधून त्या दुकानाच्या पायऱ्या चढायच्या, हे डोळ्यांसमोर आलं. मला रडू येत होतं आणि त्या लोकांसमोर रडायचं नव्हतं.

सर स्कूटरवरून आले. मी खुर्ची सोडून उभी राहिले.

"बसा सर," बाळासाहेबांनी खुर्ची पुढं केली.

"मी उभाच बरा," सर म्हणाले. "प्रोग्राम तिचा, खुर्ची तिची. बस वैशाली. आणि वाच मोठ्यानं."

मी बसले. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"आता सांग, यात तुझ्या कोडमध्ये चूक आहे असं कुठं म्हटलंय?"

"नाही म्हटलेलं."

"बाळासाहेब, एवढं तर ठरलं," सर वळून म्हणाले. "प्रोग्राम हिनं बरोबर केलाय. तो ठेवायला जागा मिळत नाहीये. जागा आपण शोधू."

मग त्यांनी मला त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल तयार करायला लावली. ती विनातक्रार झाली. म्हणजे ड्राइव्हवर लिहायची परवानगी होती, जागाही होती. फक्त आमच्या प्रोग्रामची ती एक फाइल कुणीतरी धरून ठेवली होती. कुणी, ते सामायिक ड्राइव्हच्या डब्याला विचारता आलं असतं, पण त्याचा पासवर्ड डबा बसवणाऱ्या माणसापाशी, आणि तो लग्नाला गेलेला, फोन बंद. बाळासाहेब म्हणाले, "मग त्या डब्याची पिनच काढू की. पुन्हा लावली का सुटंल सगळं."

मी डोळे मिटून घेतले. पण सर चिडले नाहीत. "सुटेल," ते म्हणाले. "पण धरलं कुणी होतं ते कळणार नाही. तो उद्या परत धरेल."

मी दुसरी वाट सुचवली. नव्या फाइलला नवं नाव द्यायचं आणि चारही टेबलांवर तीच उघडेल असं करायचं.

"आज चालेल," सर म्हणाले. "पण जो कुणी लपून बसलाय तो जुनाच प्रोग्राम चालवत राहील. त्यानं चुकीची लेबलं काढली तर आपल्याला कळेल तेव्हा पेट्या समुद्रात असतील."

त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढली. ती त्यांच्या खिशात कायम असते. कोपऱ्यात, जिथं सगळ्या संगणकांच्या तारा एकत्र येतात, त्या पेटीसमोर ते उकिडवे बसले. टेबलं बंद होती, म्हणजे दोनच दिवे लुकलुकायला हवे होते, एक ड्राइव्हच्या डब्याचा आणि एक माझा. तिथं तिसरा लुकलुकत होता.

"हा कुणाचा?" सरांनी विचारलं. बाळासाहेबांनी बोटांवर टेबलं पुन्हा मोजली, चारच भरली.

मग साठीकडं झुकलेला तो माणूस हातानं तार चाचपत निघाला. क्रेटच्या थप्प्यांमागून, भिंतीच्या कडेनं, शीतगृहाला वळसा घालून, एका दाराच्या चौकटीवरून आत. आतली छोटी खोली म्हणजे पॅकहाउसचं देवघर. बाळासाहेबांच्या आई, सगळे त्यांना माई म्हणतात, तिथं वाती वळत बसल्या होत्या. देव्हाऱ्याशेजारी लाल कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं, त्याला सुकलेला हार. सरांनी कापडावर तळहात टेकवला. ते गरम होतं.

"आवो, तो मुहूर्ताचा!" बाळासाहेबांनी कपाळाला हात लावला.

हंगामाचं पहिलं लेबल त्या संगणकावर काढतात. नारळ फुटतो, लेबल भिंतीवर चिकटवतात, पडदा तेवढा बंद करून वर कापड घालतात. प्रोग्राम आत उघडाच राहतो, थेट सामायिक ड्राइव्हवरचा. टेबलं मोजताना तो कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण त्यांच्या लेखी तो संगणक नव्हताच, देवघरातली वस्तू होती.

"त्याला हात नका लावू हां," माई म्हणाल्या. "सीझन सरल्याबिगर तो बंद करत नाय आम्ही."

कंटेनर निघाल्याचा फोन येऊन गेला होता. मी दारात उभी राहून सरांकडं पाहत होते. दुसरा कुणी असता तर तार उपसून मोकळा झाला असता. सरांनी पायातले बूट काढले, देवाला हात जोडले आणि माईंसमोर फरशीवर मांडी घातली.

"माई, संगणक बंद करायचाच नाही. तो हंगाम संपेपर्यंत चालू राहील. त्यातला प्रोग्राम तेवढा एकदा मिटायचा आणि नवा उघडायचा. तुमच्या हातानं करू. चालेल?"

माईंनी जरा विचार केला. "परत उघडंल ना पण?"

"उघडला नाही तर मी इथून उठणार नाही."

माईंनी पदराला हात पुसले. सरांनी माउस कसा धरायचा ते दाखवलं. मी पळत माझ्या खुर्चीवर गेले. "वैशाली, कर बिल्ड!" अशी आतून हाक आली. मी केलं. ते पूर्ण झालं, आणि मी सवयीनं उभी राहिले आणि पडद्यावर आलेलं मोठ्यानं वाचलं, "बिल्ड सक्सीडेड." शेवटच्या शब्दापर्यंत. टेबलांवरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र मी रडले.

सरांनी नव्या प्रोग्रामची एक स्वतंत्र प्रत मुहूर्ताच्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली आणि तीच माईंना उघडून दाखवली. आता तो वर्षभर चालू राहिला तरी सामायिक ड्राइव्हवरचं काही अडणार नव्हतं. बाळासाहेब हळूच म्हणाले, "सर, एखादं टेबल बिघडलं का आम्ही लेबलं यावरच काढतो." नवं नाव देऊन मोकळं व्हायची माझी युक्ती किती महागात गेली असती, हे मला तेव्हा कळलं. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अशा वेळी न पाहणं हा त्यांचा मोठेपणा आहे.

संध्याकाळी ऑफिसात संचालकांसमोर मी काही बोलायच्या आधी सरच बोलले. "थेट सामायिक ड्राइव्हवर बिल्ड करायची पद्धत भारनियमनाच्या काळात मी पाडली होती. कुणाचा संगणक गेला तरी काम राहावं म्हणून. आता ती मोडायची. आपापल्या डिस्कवर बिल्ड करायचं, तपासायचं आणि मगच तिकडं ठेवायचं. आणि ही मुलगी सकाळपासून एकटी झगडत होती, पळाली नाही. हिला कायम करा." इतकंच बोलून ते चहा घ्यायला गेले. मी कायम झाले.

सरांच्या कामाची यादी या ग्रंथात इतरांनी दिली आहे, मी ती पुन्हा देत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की त्या घटनेनंतर ते एकदा वाट वाकडी करून नांदगावला आमच्या दुकानात गेले आणि वडिलांकडून सदरा शिवून घेतला. वडिलांना म्हणाले, "माप पुन्हा घ्यायला लावू नका, मला बंद करून चालू करणं आवडत नाही." तेव्हापासून सरांचे सदरे तिथंच शिवले जातात. गौरव समारंभात ते जो सदरा घालणार आहेत, त्याच्या काजांवर वडिलांनी चष्मा पुसत पुसत मेहनत घेतली आहे.

यंदाच्या मुहूर्ताला आम्ही दोघं त्या पॅकहाउसमध्ये गेलो होतो. माईंनी सरांना विचारलं, "आता तुम्ही रिटायर होणार म्हणत्यात. मग अडलं का आम्ही कोणाला बोलवायचं?" देव्हाऱ्याशेजारची खुर्ची सरांनी माझ्यासाठी ओढली आणि स्वतः उभे राहिले. पहिलं लेबल मी काढलं. माईंनी ते भिंतीवर चिकटवलं.

सर, साठी पूर्ण करून तुम्ही ऑफिसातलं टेबल सोडाल, त्याला आमचा इलाज नाही. पण तब्येत ठणठणीत राखा, वहिनींना मिक्सर लावू द्या, आणि शंभरी गाठेपर्यंत अधूनमधून आमच्या खोलीत येऊन मागं उभे राहत जा. आमच्या चुका आम्ही उभं राहून, मोठ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत वाचू. त्या ऐकायला तुम्ही हवेत. तुम्ही दिलेली खुर्ची मी सोडलेली नाही, सोडणारही नाही.