शारदाची रविवारची वही

एप्रिलातल्या त्या रविवारी शारदा जेवताना तीनदा उठली. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, एकदा गॅलरीचं दार लावायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते तिचं तिलाही सांगता येईना. गॅस बंदच होता. दार मात्र तिने लावलंच नाही. मी म्हटलं, "अगं, बस की. वरण गार होतंय." तर म्हणाली, "तुम्ही जेवा. माझं कुठेतरी काहीतरी चुकलंय."

जेवताना कुणी अशी उठबस केलेली मला खपत नाही. चिडलोच मी. पण खरं सांगायचं तर तिच्या उठबशीपेक्षा तिने काखेत धरलेली वही मला जास्त टोचत होती. ती आमच्या योगिनीच्या फोनची वही होती.

शारदा म्हणजे माझी बायको. राज्य सरकारच्या कचेरीत इंग्रजीची स्टेनो. निवृत्तीला अजून दीड वर्ष आहे, म्हणून भोपाळच्या शिवाजी नगरचं हे सरकारी क्वार्टर अजून आमच्याकडे आहे. तिचे वडील छप्पन साली, राजधानी नागपूरहून हलली तेव्हा, इथे आले ते कचेरीच्या फायलींबरोबरच. मी पुण्याकडचा, भेलच्या कारखान्यात लागलो आणि इथलाच झालो. पाच वर्षं झाली रिटायर होऊन, तेव्हापासून हिच्या डब्याची पोळी मी लाटतो आणि ती वाकडी झाली की बोलणी खातो.

शॉर्टहँड ती टी. टी. नगरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकली. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आवाज लिहायचा. काय महत्त्वाचं आणि काय फालतू ते ठरवणारी तू कोण? हे तिने इतकं मनावर घेतलं की साहेब डिक्टेशन देता देता घरी फोन करून भाजी काय आणायची ते विचारायचे, तर तीही हिच्या वहीत उतरायची. मग टाइप करताना भेंडी आणि पावकिलो लसूण वगळायचे. अडतीस वर्षांत हात असा तयार झाला की कान आणि पेन्सिल यांच्यामध्ये डोकं येतच नाही. डोकं मागाहून, टाइप करायच्या वेळी ऐकतं.

तिचं इंग्रजी म्हणजे फायलीचं इंग्रजी. 'आय ॲम डायरेक्टेड टु से' इथे सुरू होऊन 'युअर्स फेथफुली'ला संपणारं. त्यात कुणाला राग येत नाही, कुणी दमत नाही, कुणाची चूक होत नाही, फार तर 'विलंबाबद्दल खेद आहे'. खेद कुणाला, ते लिहायची पद्धत नाही.

योगिनी, आमची एकुलती एक, बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिच्या तोंडी भलतंच इंग्रजी आलं. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. मोबाईल जेवणाच्या टेबलावर, स्पीकर चालू. ती म्हणायची, "आई, मी एकदम बर्न्ट आउट आहे यार," आणि ही घाबरून विचारायची, "भाजलं का गं कुठे?" सुरुवातीला पोरगी हसायची, अर्थ सांगायची. नंतर कावायला लागली. "आई, प्रत्येक शब्दाला थांबवू नकोस ना. मतलब, गप्पा मारायच्या का क्लास घ्यायचा?" तेव्हापासून हिने विचारणं सोडलं आणि वही घेतली. दर रविवारी फोन चालू झाला की पेन्सिल चालू. फोन संपला की दुपारी मोबाईलवर एकेक शब्द शोधायचा आणि समासात मराठीतून अर्थ लिहायचा, शेजारी स्वतःचं उदाहरण.

समासातलं तिचं मराठी मी गुपचूप वाचायचो. 'अंडर द वेदर: जरा बरं नसणे. उदा. हे आज अंडर द वेदर आहेत, तरी पोह्यांवर जिलेबी मागताहेत.' 'घोस्ट करणे: न सांगता बोलणं तोडून गायब होणे. उदा. वरच्या मजल्याच्या गळतीनंतर प्लंबर.' 'स्पिल द टी: आतली बातमी सांगणे.' या शेवटच्यावरून आमचं वाजलं होतं, कारण मी म्हटलं चहा सांडल्यावर बातमी नाही, फडकं लागतं. तिला सगळ्यात आवडला तो 'माय बॅड'. पोळी करपली की म्हणायची, "माय बॅड हं." दोन शब्दांत चूक कबूल, मालकासकट, आणि वर कुणाला अर्ज करायला नको. कचेरीत अशी सोय असती तर अर्ध्या फायली बंद झाल्या असत्या, असं तिचं मत.

तर त्या रविवारी हिची घालमेल चालू होती. सकाळचा फोन नेहमीसारखाच झाला होता. योगिनी "ऑल गुड बाबा" म्हणाली होती, मी "गुड, गुड" म्हणालो होतो. पण शारदाचं म्हणणं, पोरीचे शब्द बदललेत. पूर्वी ती ऑफिसातल्या कुणाची तरी चेष्टा करायची, कुठल्या मॅनेजरला काय नाव ठेवलं ते सांगायची. आता नुसतं 'चिल', 'सॉर्टेड', 'हँगिंग इन देअर'. शेवटच्याचा अर्थ हिने लिहिला होता, कसंबसं टिकून राहणे. "चांगलं चाललेलं माणूस कसंबसं टिकून आहे म्हणतं का हो?" तिने विचारलं.

"बोलायची पद्धत असते ती. मुलं बोलतात तशी," मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही. पलंगावर वर्षभराच्या वह्या पसरल्या, पुन्हा गोळा केल्या, पुन्हा पसरल्या. खिडकीशी गेली, परत आली. मला दुपारची झोप लागेना. शेवटी मी उठून बसलो आणि म्हटलं, "आण इकडे. वाच मोठ्याने. कुठे काय चुकलंय ते एकदाचं होऊन जाऊ दे." मला दाखवून द्यायचं होतं की काहीही चुकलेलं नाही. शॉर्टहँडच्या त्या रेघोट्या मला वाचता येत नाहीत, तिलाच वाचाव्या लागणार होत्या.

तिने जानेवारीची वही उघडली. एकोणीस तारखेचं पान. त्या पानाचा समास कोराच राहिला होता. तेव्हा कचेरीत अधिवेशनाची कामं होती, मग नागपूरला तिच्या भावाकडचं लग्न, आणि ते पान तसंच मागे पडलं. समासात मघाशीच लिहिलेल्या दोन ओळी होत्या, पण त्या तिने हाताने झाकल्या. आणि साहेबाला डिक्टेशन परत वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात वाचायला लागली.

"योगिनी: बाबा, सीन जरा बेकार आहे. आमच्या टीमला ॲक्स मिळाला. पूर्ण टीमला. बाबा: गुड, गुड. योगिनी: मतलब, आय ॲम प्रिटी गटेड, यू नो. बाबा: गुड. थंडी आहे का तिकडे?" इथे ती थांबली. "इथे मी आडवी रेघ मारलीय. ती बोलली नव्हती थोडा वेळ." मग पुढे, "योगिनी: नाही बाबा, बंगलोरला कुठली थंडी. बाबा: इकडे कडाका आहे. आईशी बोलतेस? योगिनी: नको. इट इज व्हॉट इट इज. ऑल गुड. बाबा: गुड. चल, ठेवतो."

मग तिने समासावरचा हात काढला. 'ॲक्स मिळणे: नोकरीवरून काढलं जाणे. गटेड: आतून पार मोडून जाणे.' पुढे उदाहरण नव्हतं.

आवाज माझा नव्हता, पण शब्द सगळे माझे होते. पोरगी सांगत होती की मी मोडलेय, आणि बाप विचारत होता थंडी किती आहे. मला म्हणावंसं वाटलं की असं काही मी बोललोच नाही. पण शारदाच्या हाताने आजवर एक शब्द खोटा लिहिलेला नाही, हे मला माहीत आहे.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. कारखान्यात बाहेरचे इंजिनिअर यायचे, कधी दिल्लीचे, कधी परदेशी. भराभर इंग्रजी बोलायचे. मला निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. मी मान हलवायचो आणि 'गुड, गुड' म्हणायचो. मग ड्रॉइंग बघून काम करायचो आणि काम चोख व्हायचं, म्हणून कधी कुणाला संशय आला नाही. चौतीस वर्षं मी या एका शब्दावर काढली. घरी आल्यावरही तो सुटला नाही. योगिनीला मोठ्या कंपनीत मोठी नोकरी, आणि तिचं बोलणं बापाला कळत नाही हे तिला कळू नये, एवढाच माझा आटापिटा.

"पुढचे वाच," मी म्हटलं. तिने तेरा रविवार वाचले. पोरीचं तेच, माझं तेच. मधल्या एका रविवारी ती म्हणाली होती, "बाबा, मी आजकाल खूप चालते." तिथेही मी गुड म्हणालो होतो.

"तिने सांगितलं होतं," शारदा म्हणाली. "तुम्ही गुड म्हणालात आणि मी ते लिहून घेतलं. दोघंही समोर बसलो होतो." तिने वही मिटली.

ती म्हणाली, आत्ता फोन लावा. मी म्हटलं, थांब. मी कागद घेऊन काय बोलायचं ते लिहायला बसलो, दोन ओळींवर कागद फाडला. चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडलो. चालत चालत हबीबगंज स्टेशनपर्यंत गेलो. नाव बदललं तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. तिकीट काढावं आणि सरळ बंगलोरला जाऊन उभं राहावं, असं मनात होतं. चौकशीच्या रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला आणि मी बाजूला झालो. तीन महिने जिने पुन्हा तो विषय काढला नाही, तिच्या दारात अचानक जाऊन काय झडती घ्यायची? गार पाण्याची बाटली घेतली, निम्मी डोक्यावर ओतली आणि परत फिरलो. वाटेत दोनदा थांबलो, दोनदा मोबाईल काढला, दोनदा खिशात ठेवला. भीती वाटत होती. ती पुन्हा असं काहीतरी बोलेल जे मला कळणार नाही, त्याची.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. शारदा गॅलरीतच उभी होती. तिने माझ्या खिशातला मोबाईल घेतला, नंबर लावला आणि वाजायला लागल्यावर परत माझ्याच हातात दिला.

एकाच दिवसात दुसरा फोन म्हणजे आमच्याकडे कुणीतरी गेल्याची बातमी. योगिनी घाबरूनच बोलली. "बाबा? काय झालं? आई कुठेय?"

"आई इथेच आहे, धडधाकट आहे. बेटा, सकाळी तू ऑल गुड म्हणालीस, ते काही खरं नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. जानेवारीत."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

इथे हो म्हणून टाकणं फार सोपं होतं. मान तर हललीसुद्धा होती. शारदा माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच कळलं नव्हतं. तुझं निम्मं इंग्रजी मला कळत नाही, योगिनी. कारखान्यातही कळायचं नाही. कळलं नाही की मी गुड म्हणतो. आज आईने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं."

मग बोलली ती नुसत्या मराठीत, तिच्या लहानपणच्या आवाजात. "बाबा, दोन दिवस ते वाक्य तयार करत होते मी. मराठीत सांगितलं असतं तर रडले असते. म्हणून तसं हलकं करून म्हटलं. आणि तुम्ही थंडीचं विचारलंत. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाहीये."

मी गॅलरीतल्या जमिनीवरच बसलो. शारदाही शेजारी बसली.

"ऐकायचंय," मी म्हटलं. "आत्ता सांग. रडत रडत सांग, घाई नाही."

तिने सांगितलं. काढलं कसं ते, त्या दिवशी घरी कशी गेली ते, आणि घरात बसवत नाही म्हणून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते आणि दिवसभर चालत राहते, ते. मध्येच एकदा फोन कटला. मी परत लावायला चष्मा चाचपत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला.