पोळपाटावरचा लॅपटॉप

कुणाचाही ताप आये हाताच्या पालथ्या बाजूने बघायची. तळवा भाकऱ्या थापून राठ झाला होता, त्याला काही कळत नाही म्हणायची. आये म्हणजे माझी सासू. अख्खी गल्ली तिला आयेच म्हणत असे. मला चारचौघांत बोलायला होत नाही, म्हणून नळावरचं माझं भांडणही तीच भांडून यायची.

माझ्या सोनलला घरी बसून करायचं काम लागलं. गिऱ्हाइकांशी बोलायचं. कंपनीने एक जुना लॅपटॉप दिला. भांडुपच्या डोंगरावर आमची पत्र्याची खोली, उन्हाळ्यात दुपारी अंग भाजतं. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायचा आणि बोलणं तुटायचं. सोनल अजून पक्की झाली नव्हती. साहेब म्हणाले होते, असंच होत राहिलं तर दुसरं काम बघा.

त्यात पहिल्याच आठवड्यात आयेने घोळ घातला. सोनल जेवायला उठली, तेवढ्यात धूळ बसू नये म्हणून तिने टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर चालू लॅपटॉपला गुंडाळलं. तो बंद पडला.

"आजी, वाट लावलीस यार!"

आये रागावली नाही. पालथा हात लावून म्हणाली, "अगो, ह्येका ताप इलो."

मग दुपारभर ती त्याच्याजवळ बसून राहिली. बाजूच्या भोकांतून गरम वाफ येते, हे तिने हात धरून बघितलं. सोनल तो गोधडीवर ठेवून काम करायची. "तापलेल्या पोराक कोण गोधडयेर निजवता काय?" असं म्हणून आये उठली आणि पोळपाट घेऊन आली. "ह्येका पाय असत. खालसून वारो जातलो."

"आजी, लॅपटॉपच्या पोळ्या लाटणार काय?"

"लाटीन. तू आधी नोकरी टिकव."

पोळपाट गेला तो गेलाच. मी दुसरा आणते म्हटलं, तर आये म्हणाली, "भाकरेक कित्याक व्हयो पोळपाट?" तेव्हापासून दोन्ही वेळा तांदळाची भाकरी. सकाळी लॅपटॉप चालू करायच्या आधी ती मऊ ब्रशने त्याची भोकं झाडायची. घरातला एकच टेबलपंखा तिने त्याच्याकडे वळवला आणि आपण दारात पदराने वारा घेत बसली. मधूनमधून येऊन पालथा हात लावायची. एकदा सोनल साहेबांशी बोलत असताना मागून ओरडली, "ताप चढता गो!" साहेबांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? सोनल म्हणाली, "नाही सर, लॅपटॉप." आयेने हे गल्लीभर सांगितलं.

लॅपटॉप बंद पडायचं जवळजवळ थांबलं. वैशाखात आयेलाच ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरेना. मी पंखा तिच्याकडे वळवला, तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "माका कित्याक? तेका घाल."

"आये, तुझं अंग भाजतंय."

"घामान माणूस मरना नाय. ता बंद पडला तर चेडवाची नोकरी जातली."

सोनलने ऐकलं. कामाची वेळ होती, तरी तिने लॅपटॉप मिटला. "गेली तर गेली," म्हणाली आणि आजीच्या उशाशी बसली. आये रागाने भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी सोनलने तिच्या कपाळाला पालथा हात लावला. तो तिथेच राहिला. तेव्हा मला कळलं.

आये गेली, नोकरी गेली नाही. पुढे सोनल पक्की झाली. नवीन लॅपटॉप आला, तो तापत नाही. पोळपाट मी धुऊन घेतला. कणीक मळली आणि बऱ्याच दिवसांनी पहिली पोळी लाटायला बसले. सोनल आली, बघत उभी राहिली. मग तिने पोळपाटावरचं पीठ ओल्या फडक्याने पुसलं आणि तो उचलून नेला.

"अगं, हा नाही तापत ना?"

"माहितीये, आई," ती म्हणाली आणि पोळपाट नव्या लॅपटॉपखाली सरकवला.

मी कणीक झाकून ठेवली आणि तांदळाच्या पिठाचा डबा काढला.